शिर्डीचं विमान, दिल्लीचं स्पूफिंग आणि आपलं ‘गगन’: यंत्रणा वर तयार आहे, मग फायदा खाली का पोचत नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या आसपास विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळत असल्याच्या बातम्या आल्या. १ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी संसदेत ते मान्यही केलं. दिल्लीच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे उपग्रहांच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांनी ‘जीपीएस स्पूफिंग’ची तक्रार केली होती. मुंबई, कोलकाता, अमृतसर, हैदराबाद, बंगळुरू आणि चेन्नईकडूनही सिग्नलमध्ये गडबड झाल्याच्या नोंदी आल्या होत्या.

त्यानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर काय फिरलं ते तुम्ही पाहिलंच असेल. “आपलं नाविक आहे, आपलं गगन आहे, मग अमेरिकेच्या जीपीएसवर विमानं कशाला?” असा एकूण सूर. प्रश्न रास्त आहे, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. (त्याच आठवड्यात दिल्लीत शेकडो उड्डाणं रखडली, ती मात्र हवाई वाहतूक नियंत्रणाची संदेश पाठवणारी संगणक यंत्रणा बिघडल्यामुळे. तो प्रकार वेगळा, स्पूफिंग वेगळं.)

मी हे देवळाली प्रवरेतून लिहितोय. नकाशात नुसतं ‘देवळाली’ शोधलं की नाशिकची छावणी समोर येते. मी म्हणतोय ती राहुरी तालुक्यातली. इथून शिर्डी विमानतळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर आहे. म्हणून हा विषय दिल्लीच्या नाही, तर काकडीच्या धावपट्टीवरून समजून घेऊ. ‘गगन’चा खरा उपयोग मोठ्या विमानतळांपेक्षा अशाच ठिकाणी आहे.

आधी खिचडी सोडवू: जीपीएस, नाविक आणि गगन

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहमाला. हे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि वेळेचे सिग्नल पाठवत राहतात. किमान चार उपग्रहांचे सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून तुमचा फोन स्वतःची जागा काढतो.

नाविक ही भारताची स्वतःची प्रादेशिक उपग्रहमाला. काम जीपीएससारखंच, पण भारत आणि आजूबाजूच्या प्रदेशापुरतं.

गगन ही उपग्रहमाला नाहीच! ती जीपीएसच्या चुका पकडून दुरुस्ती सांगणारी यंत्रणा आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून, सुमारे ७७४ कोटी रुपये खर्चून ती उभी केली.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर जीपीएस म्हणजे बाजारातला काटा, आणि गगन म्हणजे प्रमाणित वजनं घेऊन तो काटा तपासणारा वजनमापे निरीक्षक. काटा किती ग्रॅमने चुकतोय हे तो सांगतो. आणि काटा भरवशाचा राहिला नसेल, तर ‘यावर मोजू नका’ असंही सांगतो. विमानासाठी हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं आहे. ते कसं, हे पुढे बघू.

फोनला चालतं ते विमानाला का चालत नाही?

तुम्ही राहुरी फॅक्टरीजवळून जाताय आणि नकाशातला निळा ठिपका रस्ता सोडून उसात गेला, तर काय होतं? काही नाही. तुम्ही दुर्लक्ष करता, थोड्या वेळाने ठिपका परत रस्त्यावर येतो.

विमानाला ही सवलत नाही. उतरताना ते साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं. धावपट्टीच्या टोकापासून ५ किलोमीटरवर असताना त्याची उंची असते सुमारे २७५ मीटर. ढगात काही दिसत नसताना उंचीत ४०–५० मीटरची चूक झाली, तर खाली टेकडी, टॉवर किंवा झाडं असू शकतात.

आणि जीपीएसची नेमकी कमजोरी आहे ती उंची. कारण सोपं आहे. आडव्या जागेसाठी चारही बाजूंना उपग्रह सापडतात; पण उंचीसाठी सगळे उपग्रह वरच असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा नेहमी जास्त निघते.

दुसरी अडचण भरवशाची. जीपीएसच्या एखाद्या उपग्रहाचं घड्याळ बिघडलं, तर ती बातमी वापरणाऱ्यापर्यंत पोचायला बराच वेळ जाऊ शकतो. गाडीत चालून जाईल. धावपट्टीकडे ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरने येणाऱ्या विमानात नाही चालणार.

गगन काम कसं करतं?

चार पायऱ्या आहेत.

१. जमिनीवरची १५ संदर्भ केंद्रं. दिल्ली, बंगळुरू, अहमदाबाद, कोलकाता, जम्मू, गुवाहाटी, पोर्ट ब्लेअर, तिरुवनंतपुरम, जैसलमेर, पोरबंदर, गया, दिब्रुगड, भुवनेश्वर आणि आपल्या जवळची दोन, नागपूर व गोवा. या केंद्रांच्या अँटेनांची जागा अतिशय काटेकोर मोजलेली आहे. त्यामुळे जीपीएस जे सांगतंय आणि जे खरं आहे, त्यातला फरक लगेच कळतो.

२. बंगळुरूचं मुख्य नियंत्रण केंद्र. सगळ्या केंद्रांचा डेटा इथे येतो. प्रत्येक उपग्रहासाठी दुरुस्ती किती, आणि त्या दुरुस्तीवर विश्वास किती ठेवायचा, याचं गणित इथे होतं.

३. वर पाठवणारी केंद्रं. बंगळुरू आणि दिल्लीहून हा संदेश भूस्थिर उपग्रहांकडे जातो.

४. भूस्थिर उपग्रह. जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या तीन उपग्रहांवर गगनची उपकरणं आहेत. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ते हा संदेश जीपीएसच्याच वारंवारितेवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, खाली पाठवतात. त्यामुळे विमानात वेगळी अँटेना लागत नाही; हा संदेश वाचू शकणारा रिसीव्हर मात्र लागतो.

एक गंमत सांगतो. आपल्या भागात कितीतरी घरांच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री असते. तिचं तोंड ज्या उपग्रहाकडे असतं, तो ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५. म्हणजे ज्या उपग्रहावरून आजी मालिका बघते, त्याच उपग्रहावर विमानांना वाट दाखवणाऱ्या गगनचं उपकरणही बसवलेलं आहे.

भारतात हे अवघड का होतं?

अमेरिकेची अशी यंत्रणा ‘वास’ २००३ मध्ये सुरू झाली. जपानची ‘एमसास’ २००७ मध्ये आली, आणि युरोपच्या ‘एग्नोस’ची विमानांसाठीची सेवा २०११ मध्ये. मग भारताने तीच तयार यंत्रणा आणून का नाही बसवली?

कारण आपल्या डोक्यावरचं आकाश वेगळं आहे. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर आयनांबर नावाचा विद्युतभारित कणांचा थर असतो. त्यातून जाताना जीपीएसचा सिग्नल किंचित उशिरा पोचतो. उशीर एका सेकंदाच्या एक अब्जांश भागाचा झाला, तरी अंतरात ३० सेंटिमीटरची चूक पडते. असे पन्नास अब्जांश झाले की १५ मीटर गेले!

युरोप-अमेरिकेवर हा थर बराचसा शांत असतो. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त मात्र भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथले कण वर उचलले जाऊन उत्तरेकडे सरकतात आणि अहमदाबाद–भोपाळच्या पट्ट्यात त्यांचा दाट ढीग होतो. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे, म्हणजे नेमका चढावर. सूर्य मावळल्यावर या थरात बुडबुड्यांसारखे पोकळ भाग तयार होतात आणि सिग्नल लुकलुकायला लागतो.

गगन यासाठी देशावर एक काल्पनिक जाळी टाकतं. ३५० किलोमीटर उंचीवर, ५ अंश बाय ५ अंशांचे चौकोन. जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर ‘इथे इतका उशीर, आणि या आकड्यावर इतका भरवसा’ असं लिहिलेलं. देवळाली प्रवरा, शिर्डी, पुणे, मुंबई आणि गोवा हे सगळे १५–२० अंश उत्तर, ७०–७५ अंश पूर्व या एकाच चौकोनाखाली येतात. नागपूरचा चौकोन वेगळा. रिसीव्हर बघतो की अमुक उपग्रहाचा सिग्नल जाळीला कुठे छेदून खाली येतोय, आणि जवळच्या कोपऱ्यांवरून आपली दुरुस्ती काढतो.

आपल्या खवळत्या आयनांबरासाठी इस्रोला स्वतःचं वेगळं गणिती प्रारूप तयार करावं लागलं. ते जमलं, आणि विषुववृत्तीय भागात उंचीसह मार्गदर्शन करायला प्रमाणित झालेली गगन ही जगातली पहिली यंत्रणा ठरली. डीजीसीएने ३० डिसेंबर २०१३ ला मार्गावरच्या प्रवासासाठी, आणि २१ एप्रिल २०१५ ला उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी मान्यता दिली.

विमानाला नेमका फायदा काय?

पहिला: धावपट्टीजवळ उपकरणं न लावता उतार मिळतो. मोठ्या विमानतळांवर आयएलएस असतं. धावपट्टीजवळच्या अँटेना दोन रेडिओ किरण सोडतात: एक डावं-उजवं सांगतो, दुसरा वर-खाली. पद्धत उत्तम, पण धावपट्टीच्या ज्या बाजूने उतरायचं त्या प्रत्येक बाजूला वेगळा संच लागतो. जागा लागते, वीज लागते, देखभाल लागते, आणि ठरावीक काळाने खास विमान उडवून तपासणी करावी लागते. दिवसाला मोजकी विमानं येणाऱ्या विमानतळाला हा खर्च जड जातो.

गगनमध्ये हाच उतार उपग्रहावरून मिळतो. या पद्धतीला ‘एलपीव्ही’ म्हणतात. यात वैमानिक साधारण २५० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. तिथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर परत वर जायचं. साध्या आयएलएसमध्ये हा आकडा २०० फूट आहे. म्हणजे फरक फक्त ५० फुटांचा! उंचीचं मार्गदर्शन नसलेल्या पद्धतींत हीच मर्यादा बऱ्याच ठिकाणी ४००–६०० फुटांच्या घरात जाते, आणि पायऱ्या उतरल्यासारखं टप्प्याटप्प्याने खाली यावं लागतं.

दुसरा: ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका’ हे वेळेत कळतं. गगनला २०१५ मध्ये ज्या दर्जाची मान्यता मिळाली, त्याचे आंतरराष्ट्रीय निकष पाहा. आडवी अचूकता १६ मीटर, उभी २० मीटर. पण खरा निकष पुढचा आहे. चूक आडवी ४० किंवा उभी ५० मीटरच्या पुढे जात असेल, तर १० सेकंदांच्या आत इशारा मिळालाच पाहिजे. इशारा न देता फसवण्याची शक्यता एक कोटी लँडिंगमध्ये दोनपेक्षा जास्त नको. सगळा पैसा, सगळी १५ केंद्रं खरं तर या एका ओळीसाठी आहेत.

तिसरा: हवेच्या दाबाच्या घोळातून सुटका. आज बरीच प्रवासी विमानं उंचीसाठी हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक वापरतात. त्यात त्या ठिकाणचा दाब हाताने भरावा लागतो, आणि आकडा चुकला की उंची चुकली. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर असंच झालं. दाब १००१ होता, वैमानिकांना १०११ सांगितला गेला. आयएलएस त्या वेळी बंद होतं. प्रवाशांनी भरलेलं एअरबस ए-३२० ढगातून खाली आलं ते काट्यावर दिसत होतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खालून. धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे ते जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर होतं. वैमानिक वर गेले, सगळे वाचले. गगनसारख्या यंत्रणेतली उंची भूमितीतून निघते. तिला हवेचा दाब भरावाच लागत नाही, म्हणून ही चूक तिथे शिरत नाही.

चौथा: हेलिकॉप्टर. इथे मुंबईचा एक किस्सा सांगायलाच हवा. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं. वैमानिकाने खिडकीतून पाहिलं आणि धावपट्टी ओळखायला चुकला. त्याच जुहूवरून २०२३ मध्ये पवनहंसचं हेलिकॉप्टर गगनच्या आधारे आखलेल्या वाटेने पुण्याला गेलं. हेलिकॉप्टरसाठी असं प्रात्यक्षिक आशियात पहिल्यांदाच झाल्याचं सरकारने सांगितलं. मधे सह्याद्री, वर ढग, आणि तरी ठरलेली अरुंद वाट. रुग्ण किंवा अवयव नेणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता काकडीच्या धावपट्टीवर या

शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. जमीन कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावची, मालकी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची. प्रवाशांचा ओघ पहिल्यापासून चांगला.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र कमी दृश्यमानतेमुळे इथली उड्डाणं अनेक दिवस रद्द झाली. विमानतळ तेव्हा डोळ्यांनी बघून उतरण्याच्या नियमांवर चालत होता, आणि त्या नियमात ५ किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसावं लागतं. आता नोव्हेंबरातली आपल्याकडची सकाळ आठवा. गोदावरी-प्रवरेचं पाटपाणी, भिजलेला ऊस, साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला, खाली बसलेला धूर आणि धुकट. ५ किलोमीटर दिसत नाही, पण दोन-तीन किलोमीटर सहज दिसतं. म्हणजे हवा इतकी वाईट नव्हती की विमान उतरूच नये. नियमांच्या चौकटीत बसण्याइतकी ती चांगली नव्हती, इतकंच.

अशा दिवसांसाठीच एलपीव्ही आहे. दाट धुक्यात ती चमत्कार करणार नाही, हे स्पष्ट सांगतो. समोरचे २०० मीटरही दिसत नसतील तर २५० फुटांवर येऊनही धावपट्टी दिसणार नाही. पण ‘दोन-तीन किलोमीटर दिसतंय, ढग जरा खाली आहेत’ या दिवसांत ती विमान रद्द होणं आणि विमान वेळेत उतरणं यातला फरक ठरू शकते.

विमान रद्द झालं की बिल कोणाच्या खिशातून जातं? आंध्र-तेलंगणातून आलेलं कुटुंब मुंबईत किंवा छत्रपती संभाजीनगरला उतरून पुढे गाडीने येतं. काकडीच्या टॅक्सीवाल्याचा दिवस बुडतो. हॉटेलवाल्याचं बुकिंग जातं. शिर्डीला २०२३ च्या फेब्रुवारीत रात्रीच्या लँडिंगची परवानगी मिळाली तेव्हा आपल्या भागात आनंद झाला तो उगाच नाही.

आणि पुढची परीक्षा जवळ आली आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, ऐन पावसाळ्यात. ओझर आणि शिर्डी या दोन्ही धावपट्ट्यांवर ताण येणार, आणि ढग खाली उतरलेले असणार.

मग अडलंय कुठे?

माझ्या मते तीन ठिकाणी.

एक, विमानात रिसीव्हर नाही. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात लिहिलं होतं की १ जानेवारी २०१९ पासून भारतात नोंदणी होणारं प्रत्येक विमान गगन वापरू शकणारं हवं. मुदत पुढे गेली, नंतर १ जुलै २०२१ ही तारीख आली. विमान कंपन्यांचं म्हणणं असं की एअरबस-बोइंगच्या बऱ्याच विमानांत ही सोय मुळात येत नाही, नंतर बसवायला खर्च येतो, आणि दाबाच्या उंचीमापकावर आमचं चांगलं चाललंय. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मुंबई-दिल्ली करणाऱ्या विमानाला दोन्ही टोकांना आयएलएस मिळतं. फायदा छोट्या विमानतळाला आणि खर्च मोठ्या कंपनीला, असा हा गुंता आहे.

म्हणूनच पहिलं पाऊल छोट्या विमानाने टाकलं. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर-७२ राजस्थानातल्या किशनगढला गगनच्या आधारे उतरलं. आशिया-प्रशांत भागात प्रवासी कंपनीच्या विमानाने असं पहिल्यांदाच केलं होतं. पण तारखा बघा: यंत्रणेला मान्यता २०१५ ची, पहिलं असं लँडिंग २०२२ चं. मधे सात वर्षं!

दोन, प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळा नकाशा लागतो. उपग्रह वर आहे म्हणून विमान आपोआप उतरत नाही. धावपट्टीचं आणि आजूबाजूच्या प्रत्येक टेकडी-टॉवरचं मोजमाप करून वाट आखावी लागते, उडवून तपासावी लागते, मग ती प्रसिद्ध होते. अमेरिकेत अशा ४,००० हून अधिक एलपीव्ही वाटा आहेत, आयएलएसच्या कितीतरी जास्त. तिथल्या छोट्या गावांच्या धावपट्ट्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तीन, उपग्रह म्हातारे होत आहेत. जीसॅट-८ मे २०११ मध्ये गेला, तेव्हा त्याचं अपेक्षित आयुष्य १२ वर्षांहून थोडं अधिक धरलं होतं. जीसॅट-१० सप्टेंबर २०१२ चा, अपेक्षित आयुष्य १५ वर्षं. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ चा, १२ वर्षं. बेरीज करा: दोघांचे आकडे २०२७ वर येतात, पहिल्याचा तर उलटून गेला. उपग्रह इंधन शिल्लक असेल तर ठरलेल्या वयानंतरही चालतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण विमान कंपनीला ‘पुढची वीस वर्षं ही सेवा राहील’ असं दिसलं, तरच ती रिसीव्हरवर पैसा घालेल. नवे उपग्रह कधी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

गगन स्पूफिंगपासून वाचवेल का?

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

गगनची केंद्रं जीपीएस उपग्रहांवर आणि आयनांबरावर नजर ठेवतात. दिल्लीजवळ कोणी जमिनीवरून खोटा सिग्नल सोडला, तर तो नागपूरच्या किंवा गोव्याच्या केंद्राला दिसणारच नाही. शिवाय गगनचा संदेश जीपीएसच्याच वारंवारितेवर येतो आणि त्यावर ‘हा खराच आहे’ अशी डिजिटल सही नसते. जीपीएस जाम केलं तर गगनही त्यासोबत जातं.

वजनमापे निरीक्षकाचंच उदाहरण घ्या: काटा चुकतोय का हे तो सांगेल, पण कोणी दुकानातला काटाच बदलून बनावट ठेवला, तर बंगळुरूत बसलेल्या माणसाला ते कळणार नाही.

भारतात हा धोका काही नवा नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर-जम्मूच्या सीमाभागात अशा ४६५ घटना नोंदल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे. म्हणून जमिनीवरच्या जुन्या रेडिओ यंत्रणांचं एक किमान जाळं जगभर राखून ठेवलं जातं. भारतानेही ते ठेवलंय. दिल्लीत विमानं सुखरूप उतरली, कारण ती दुसरी वाट शिल्लक होती.

यावरून काही जण म्हणतात, “मग गगन कशाला, सगळीकडे आयएलएसच लावा.” मला ते पटत नाही. दिल्लीला दोन्ही हवेत, कारण तिथे गर्दी आहे आणि पैसाही. शिर्डी, सिंधुदुर्ग, जळगाव, नांदेड, अमरावती अशा ठिकाणी मात्र बहुतेक वेळा तुलना ‘गगन की आयएलएस’ अशी नसते. ती ‘उंचीचं भरवशाचं मार्गदर्शन की काहीच नाही’ अशी असते.

तुमच्या फोनवर गगन दिसतं का?

करून बघा, पैसे लागत नाहीत.

- अँड्रॉइडवर ‘जीपीएसटेस्ट’सारखं उपग्रहांची यादी दाखवणारं अ‍ॅप घ्या.
- गच्चीवर किंवा मोकळ्या रानात जा. दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं. आपल्या भागातून हे तिन्ही उपग्रह दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहेत: जीसॅट-८ नैर्ऋत्येकडे, जीसॅट-१० जवळपास समोर, जीसॅट-१५ आग्नेयेकडे.
- यादीत ‘एसबीएएस’ प्रकारातले १२७, १२८ किंवा १३२ हे क्रमांक शोधा. ते गगनचे.

क्रमांक दिसले म्हणजे फोन त्यांची दुरुस्ती वापरतोच असं नाही. काही फोन ते नुसते दाखवतात, काही दाखवतही नाहीत. ते फोनच्या चिपवर अवलंबून आहे. न दिसल्यास फोन खराब आहे असं समजू नका.

विमानांव्यतिरिक्तही गगन वापरात आहे. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचं उपकरण आलं. खोल समुद्रात मोबाईलची रेंज संपल्यावर वादळाचा इशारा आणि मासळी कुठे मिळेल याची माहिती ते गगनच्या उपग्रहांवरून मच्छीमारांना देतं. कोकणातल्या बोटींसाठी याचं मोल वेगळं सांगायला नको.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

‘भारताचं स्वतःचं जीपीएस’ अशा मथळ्यांवर वेळ घालवू नका. त्याऐवजी या तीन बातम्या आल्या की थांबून वाचा. आपल्या भागातल्या एखाद्या धावपट्टीसाठी एलपीव्ही वाट प्रसिद्ध झाली का? गगनची उपकरणं घेऊन नवा उपग्रह कधी जाणार? आणि विमान कंपन्या नवी विमानं मागवताना गगनचा रिसीव्हर घेत आहेत का?

आमदार-खासदार विमानतळाबद्दल बोलतात तेव्हा चर्चा टर्मिनलच्या इमारतीवर, धावपट्टीच्या लांबीवर आणि नव्या मार्गांवर होते. पुढच्या वेळी कोणी सिंहस्थासाठी शिर्डी-ओझर सज्ज करण्याचं आश्वासन दिलं, तर खाली कमेंटमध्ये एवढंच विचारा: “ढग खाली असताना विमान कशाच्या आधारे उतरणार?” उत्तर देणाऱ्याला गगन माहीत आहे की नाही, तेही कळेल.